दिल्ली गेटचा वस्ताद

नोएडात फुटबॉल तासावर मिळतो. जाळीने वेढलेलं प्लास्टिकचं गवत, सातास सात गडी, पैसे आधीच यूपीआयने. वेळ संपली की पुढची टोळी आत घुसते. खेळ झकास होतो, पण त्याला हंगाम नसतो. कुणी वर चढत नाही, कुणी खाली घसरत नाही. हंगाम बघायचा तर यमुना ओलांडायची, ब्लू लाइनने मंडी हाउस गाठायचं आणि गाडी बदलून दोन स्टेशनं पुढे, दिल्ली गेटला उतरायचं. तिथून चार पावलांवर तो बसलेला असतो, आंबेडकर स्टेडियम.

मी कोल्हापूरचा, त्यामुळे मला त्याच्यात तालमीतला म्हातारा वस्तादच दिसतो. स्वतःच्या मोठ्या कुस्त्या कधीच झाल्या, पण आखाडा सोडायला तयार नाही. हौद्यात कोण उतरलंय याचं त्याला सोयरसुतक नाही. वायुदलाचा संघ असो, की कुठल्या कॉलनीतल्या पोरांनी वर्गणी काढून उभा केलेला क्लब असो, नव्वद मिनिटं सगळ्यांना सारखी.

शेजार मात्र त्याला वाईट मिळाला. भिंतीला भिंत म्हणावी इतक्या जवळ फिरोजशाह कोटल्याचं क्रिकेट मैदान. आयपीएलच्या दिवसांत तिकडे रस्ते बंद होतात, पोलीस उभे राहतात, आभाळ उजळून निघतं. इकडे लीगच्या सामन्याला तिकीटही नसतं. पायऱ्यांवर खेळाडूंचे भाऊबंद, बदली खेळाडूंच्या पिशव्या, आणि दुसऱ्या संघाला शिव्या देण्यासाठीच आलेले दोन-चार जुने दर्दी. या दर्दींच्या तोंडी अजून 'कॉर्पोरेशन स्टेडियम' हेच नाव आहे. मालकी महापालिकेची, म्हणून ते नाव.

ते दर्दी बोलू लागले की वस्तादाची जवानी बाहेर येते. ड्युरँड कप 1888 मध्ये सिमल्यात सुरू झाला, 1940 मध्ये दिल्लीत आला आणि पुढे बरीच वर्षं याच्या अंगणात रमला. दिल्ली क्लॉथ मिल्सची डीसीएम ट्रॉफीही इथलीच. 1973 मध्ये तिच्या अंतिम फेरीत उत्तर कोरियाचा डोक रो गँग हा संघ ईस्ट बंगालसमोर उभा राहिला आणि ट्रॉफी कलकत्त्याला गेली. ऑगस्ट 2007 मध्ये नेहरू कपच्या अंतिम सामन्यात एन. पी. प्रदीपच्या एकमेव गोलवर भारताने सीरियाला हरवलं, तेही इथेच. दोन वर्षांनी पुन्हा सीरियाच, पुन्हा भारतच, या वेळी पेनल्टीवर. मग 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी जवाहरलाल नेहरू स्टेडियम नव्याने सजलं आणि 2012 चा नेहरू कप तिकडे झाला. 2013 चा ड्युरँड इथे मोहम्मेडन स्पोर्टिंगने जिंकला. पुढच्या वर्षी ड्युरँड गोव्याला गेला, 2016 मध्ये एकदा दिल्लीत परतला आणि मग कोलकात्याला गेला. वस्तादाकडे राहिली ती दिल्लीची लीग.

लीगची उतरंड लांबलचक आहे. वर 2022 मध्ये सुरू झालेली दिल्ली प्रीमियर लीग, तिचा पहिला विजेता वाटिका एफसी. तिच्याखाली सीनियर डिव्हिजन, मग ए, बी, सी. देशाच्या मोजणीत दिल्लीची प्रीमियर लीगसुद्धा तळघरात येते, तेव्हा बी डिव्हिजन किती खोल असेल याचा अंदाज करा. तिथला हंगाम वस्ताद जसा मन लावून ऐकतो, तसा नेहरू कपही त्याने ऐकला नसेल. कारण तेव्हा गर्दीचा गोंगाट होता. आता स्टेडियम रिकामं, त्यामुळे प्रत्येक आवाज सिमेंटच्या पायऱ्यांवर आपटून परत येतो. गोलरक्षक बचावफळीला गढवाळीत झापतो, मधल्या फळीत दोघं मणिपुरीत काहीतरी ठरवतात, प्रशिक्षक शुद्ध दिल्लीच्या हिंदीत रेफ्रीचं कुळ काढतो. बूट चेंडूला लागल्याचा आवाज आधी येतो आणि हिवाळ्याच्या धुरक्यात चेंडू जरा उशिरा दिसतो.

या तळघरात अंधारही असतो. फेब्रुवारी 2024 मध्ये प्रीमियर लीगच्या एका सामन्यात खेळाडू स्वतःच्याच जाळ्यात चेंडू ढकलताना दिसले. चित्रफीत देशभर फिरली, फुटबॉल महासंघाला चौकशी लावावी लागली. दिल्लीच्या लीगचं नाव अनेकांनी पहिल्यांदा ऐकलं ते त्या दिवशी, आणि याचा मला अजून राग आहे. बाकीचे सगळे सामने बघायला यातला एकही आला नव्हता.

पण खालच्या पायरीला गंमतही असते, आणि ती दुसऱ्या देशातही दिसते. दक्षिण कोरियाच्या के-थ्री लीगमध्ये बुसानची मेट्रो चालवणाऱ्या महामंडळाचा संघ आहे, रेल्वेचा आहे, अणुवीज बनवणाऱ्या सरकारी कंपनीचाही आहे. त्याआधीच्या नॅशनल लीगमध्ये 2006 साली कूकमिन बँकेचा संघ पहिला आला आणि वरच्या लीगमध्ये जायला बँकेने चक्क नकार दिला. बढती नाकारणारा कारकून आपण पाहिलाय, बढती नाकारणारा फुटबॉल संघ विरळा. रेल्वेच्याच संघाने 2019 मध्ये कोरियाच्या एफए कपची अंतिम फेरी गाठली, तेव्हा मात्र सगळ्यांना त्याचं नाव पाठ झालं.

दिल्लीत कचेऱ्यांच्या संघांइतकेच परगावहून आलेल्यांचे संघ महत्त्वाचे. गढवाल हीरोज 1953 चा. पहाडातून सरकारी नोकरीसाठी दिल्लीत आलेल्या माणसांनी संध्याकाळी आपल्या गावाच्या नावाने हाक ऐकू यावी म्हणून तो काढला असावा, असं मला वाटतं. उत्तराखंड एफसी आहे. तरुण संघा म्हटलं की बंगाल कानावर येतो. मराठी माणूस दिल्लीत आला तेव्हा त्याने गणेशोत्सव मंडळ काढलं, शाळा काढली, नाटकं बसवली. क्लबांच्या यादीत मराठी वळणाचं नाव मला दिसलेलं नाही. कोल्हापुरात याच्या बरोबर उलट. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींनीच फुटबॉल अंगाखांद्यावर घेतला, आणि पेठेपेठेतलं वैर कुस्तीच्या मातीतून चेंडूवर आलं. गावाकडचा मित्र फोनवर पहिलं विचारतो, "पब्लिक किती हाय?" मी खरा आकडा सांगत नाही.

पण मराठी नाव इथे आहे, दारावर. कोल्हापूरकर ज्या मैदानात फुटबॉलसाठी जीव टाकतात, त्याला शाहू महाराजांचं नाव आहे, आणि दिल्लीची लीग जिथे खेळली जाते तिथे बाबासाहेबांचं. मार्च 1920 मध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी तरुण आंबेडकरांकडे बोट दाखवून, हा तुमचा पुढारी, असं लोकांना सांगितलं होतं. माणगाव कोल्हापूर जिल्ह्यातलंच. ही जोडी मैदानांच्या दारांवर कुणी ठरवून लावलेली नाही, म्हणून तर ती मला जास्त आवडते. दारावर एवढं मोठं नाव आणि आतल्या यादीत आपण नाही, हे मात्र खटकतं.

तेव्हा यंदा नोएडातल्या आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या बैठकीत मी विषय काढला. अगदी तळापासून सुरुवात करू, सी डिव्हिजनमध्ये नाव नोंदवू, पोरं आहेत, वर्गणीही जमेल. सगळ्यांना पटलं. मग कोणीतरी जर्सीचा रंग विचारला. कोल्हापूरच्या दोघांनी आपापल्या तालमीचा रंग सांगितला, पुणेकरांनी दोन्ही रंगांत खोट काढली, नागपूरकर म्हणाले आधी चहा घेऊ. रंगाचा निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आहे. प्रशिक्षक कोण, हा प्रश्न अजून कार्यक्रमपत्रिकेवर यायचा आहे.