खाडीपलीकडची माणसं

फिरायला जायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर महाबळेश्वर येतं, नाही तर कोकणातलं एखादं देऊळ. नवी मुंबई बघायला जाऊ या म्हटलंत, तर घरची मंडळी हसतील. "तिथे काय बघायचं? इमारती?" १९८२ साली गिरगावातलं बिऱ्हाड वाशीला हलवायचं ठरलं, तेव्हा माझ्या सासूबाईंनीही हेच विचारलं होतं. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज सुचतंय, म्हणून लिहायला बसले.

मुंबईहून येणार असाल तर हार्बरची गाडी पकडा आणि शक्यतो सकाळची गर्दी ओसरल्यावर निघा. मानखुर्द सुटलं की गाडी खाडीवर येते. दोन्हीकडे पाणी, काठाला तिवरं, आणि थंडीच्या दिवसांत नशीब असेल तर गुलाबी रोहित पक्ष्यांचे थवेही दिसतात. ही रेल्वे वाशीपर्यंत आली ती १९९२ च्या मे महिन्यात. त्याआधी १९७३ सालच्या पुलावरून बसनं ये-जा. संध्याकाळी उशीर झाला की बायका गॅलरीत उभ्या राहून पुलाच्या दिशेनं बघत बसायच्या.

वाशीच्या पुढे स्टेशनांची नावं नीट ऐका. सानपाडा, जुईनगर, नेरूळ, सीवूड्स-दारावे, बेलापूर. एखाददुसरा इंग्रजी शब्द सोडला तर ही सगळी गावांची नावं आहेत. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि तेव्हाच्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं. भातशेती, मिठागरं आणि खाडीतली मासळी यांवर जगणारी आगरी-कोळ्यांची ही गावं. आम्ही मागाहून आलो. कुणी गिरगावातून, कुणी दादरहून, कुणी थेट केरळातून. जिन्यात भेटलेल्या बाईला आपली भाषा येते की नाही, हेही ठाऊक नसायचं.

त्या पहिल्या वर्षातली गोष्ट. माझा मुलगा चार महिन्यांचा, अंगात सणसणून ताप. इमारतीचा पंप बिघडलेला, घरात थेंबभर पाणी नाही. यजमान मुंबईत कामावर, आणि फोन कुणाकडे होता तेव्हा? मी दारात पोर खांद्यावर टाकून उभी. तेवढ्यात जिन्यावरून मासेवाली मावशी वर आली. जवळच्याच गावातली आगरी बाई. आमचं घर शाकाहारी, त्यामुळे ती आमच्या दारावरून रोज नुसती पुढे जायची. बोलणं कधी झालंच नव्हतं. खरं सांगायचं तर वासानं मी दार ओढून घ्यायची. त्या दिवशी ती थांबली.

"पानी नाय काय गं बाय?"

मी मान हलवली. तिनं टोपली जिन्यातच ठेवली, भरलेली टोपली बरं का, आणि ती खाली उतरून गेली. अर्ध्या तासानं गावच्या विहिरीचं पाणी डोक्यावर घेऊन तीन जिने चढून आली. मिठाच्या पाण्याच्या घड्या कपाळावर कशा ठेवायच्या ते दाखवलं. दाखवलं कसलं, स्वतःच ठेवत बसली. तोवर तिची मासळी उन्हानं किती खराब झाली असेल, हा विचार माझ्या डोक्यात आला तो रात्री, ताप उतरल्यावर.

भांडं रिकामं परत देऊ नये असं आपल्याकडे म्हणतात ना, तसे तिच्या कळशीत मी मूठभर पोहे घातले. ते पाहून ती खूप हसली. पुढे ती दारात टेकू लागली, चहा घेऊ लागली. वासाचं काय झालं म्हणाल, तर नाक मुकाट्यानं शिकलं!

मग १९८४ चा जानेवारी आला. जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उरणकडे जासईच्या परिसरात रस्त्यावर उतरले होते. १६ आणि १७ तारखेला पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी गेले. त्यानंतरच मूळ जमीनमालकांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. मावशी पंधरा दिवस दिसली नाही. आली तेव्हा टोपली नव्हती. तिनं आमच्या गॅलरीतून समोरच्या रस्त्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "तिथं आमचा भात व्हायचा." एवढंच. मला काय बोलावं कळेना. चहा ठेवला. चहाशिवाय तिला द्यायला माझ्याकडे दुसरं काय होतं? आणि तिनं मात्र माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, पाणी आणलं त्या दिवशीही नाही आणि आताही नाही. ते मला आजही टोचतं.

आता २६ जुलै २००५ ची आठवण. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, गाड्या ठप्प. आमचे हे चेंबूरहून पायी निघाले. मानखुर्दच्या एका झोपडीतल्या बाईनं घरात पाणी शिरलेलं असताना यांना वरच्या फळीवरून काढून प्लॅस्टिकचा कागद दिला, डोक्यावर घ्यायला. पुलावर पाच-सहा अनोळखी माणसं एकमेकांचे हात धरून चालली. पहाटे घरी आले तो कागद अंगाला तसाच चिकटलेला! इकडे आम्ही बायकांनी इमारतीखाली मोठं पातेलं चढवलं होतं, पिठलं आणि भात. कोण कुणाचं होतं, कुणी विचारलं नाही. त्या पहाटे मला मावशीची कळशी आठवली, खोटं का बोलू.

असो. बेलापूरला उतरलात तर आर्टिस्ट व्हिलेज जरूर बघा. चार्ल्स कोरिया या वास्तुशिल्पकारानं १९८३ ते ८६ च्या सुमारास ही वसाहत आखली. सात-सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, अंगण साधारण आठ मीटर लांब-रुंद. कुणाची भिंत कुणाला लागून नाही, म्हणून ज्याला जेव्हा जमेल तेव्हा घर वाढवता यावं. आता बरीच घरं ओळखू येणार नाहीत इतकी बदललीत, पण मधली अंगणं आहेत. मी गेले होते तेव्हा एका अंगणात कुणाचे तरी पापड वाळत होते आणि राखण करणारी मुलगी भलत्याच घरची होती.

तिथून दिवाळे कोळीवाडा रिक्षानं जवळ आहे. ताज्या मासळीसाठी सकाळी जा, कापडी पिशवीत आतून प्लॅस्टिक घाला, सुटे पैसे न्या. मी अर्थात काही घेत नाही. तरी गेल्या महिन्यात एका मासेवालीनं मला उन्हात उभी पाहून आपलं फळकुट सरकवलं. "बसा मावशी, दमला असाल." मला कुणी मावशी म्हणण्याचं वय झालं, ते तेव्हा लक्षात आलं.

परतीच्या गाडीत बायकांच्या डब्यात चौथी सीट मिळाली, तीही तिघींनी न मागता सरकून दिलेली. डोळा लागला. बेलापूर ते वाशी, पंधरा-वीस मिनिटांचा तर प्रवास! शेजारच्या मुलीनं खांदा हलवला, "काकू, वाशीला उतरायचं म्हणाला होतात ना?" मी घाईघाईनं उतरले. पिशवी विसरले होते. तिनं ती खिडकीतून हातात दिली आणि गाडी सुटली.