झोंबणारे थेंब

आज डोळ्यांच्या ओपीडीत चार वर्षांची चिमुरडी आईच्या मांडीवरून उतरेना. उतरवायचं तरी कशाला? मांडीवरच तपासलं. सफरचंद, घर, वर्तुळ, चौकोन. फिनलंडच्या डॉ. लीआ ह्यूव्हारिनेन यांनी १९७६मध्ये तयार केलेली ही चित्रं. बोलायला लाज वाटली, तर हातातल्या कार्डावर तेच चित्र बोटानं दाखवायचं. एक डोळा झाकला की मात्र हाताआडून डोकावणं सुरू! ती नेहमी लबाडीच नसते. उघडा डोळा अधू असेल, तर चांगला डोळा झाकलेला कुणाला आवडेल?

नंतर तपासणीसाठी डोळ्यांत थेंब घालताना "काही होत नाही गं" म्हणणं मला पटत नाही. थोडा वेळ झोंबतात, तसंच सांगावं. डोळे मिटून निजवायचं, नाकाजवळच्या कोपऱ्यात थेंब सोडायचा. डोळा उघडताच तो आत ओघळतो. तरी ती रडलीच. पुढच्या वेळी आधी तिच्या खेळण्यातल्या भालूचे डोळे तपासायचे, अशी तिची अट. मान्य.