पंख स्वस्त, पोट महाग!

'ऑलमोस्ट रेडी टू फ्लाय' म्हणजे पंख-शेपूट तयार. रिमोट, रिसीव्हर, बॅटरी आपली आपण बघायची. फोमचं रेडिओ-कंट्रोल विमान स्वस्त पडतं, बिल फुगतं ते पोटातल्या ऐवजानं! त्यासाठी शनिवारी लॅमिंग्टन रोड गाठला. दुकानदार चांगल्या चार्जरवर अडून बसला, आणि त्याचं बरोबरच होतं. लायपो बॅटरीचा सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज झाला, तर पेटू शकतो. इथे काटकसर नकोच.

जोडणी एका संध्याकाळची. फक्त पंखांखाली दोन बोटं लावून तोल बघा; शेपूट खाली जात असेल, तर बॅटरी पुढे सरकवा.

पण उडवायचं कुठे? २०२१च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाभोवतीच्या रेड झोनमध्ये परवानगीशिवाय उडवता येत नाही. अंधेरीची गच्ची विसराच! रविवारी पहाटेची कर्जत लोकल पकडतेय, पंख मांडीवर घेऊन.