फवारणी पंपाच्या बॅटरीवर मुक्काम

मेहकर सोडून लोणारकडे निघालो आणि गाडीतल्या छोट्या फ्रिजचा दिवा विझला. ऑक्टोबरचं ऊन चांगलंच तापलेलं. फ्रिजची पिन सॉकेटमधून उपसली तर तिचं टोक वितळून काळं पडलेलं. त्या पिनेत एक स्प्रिंग असते. खड्ड्यांनी ती ढिली झाली की जोडणीपाशी उष्णता साठत जाते. शेवटी शॉर्ट होऊन गाडीचा १५ अँपिअरचा निळा फ्यूजही उडाला होता. म्हणजे नुसता फ्रिजच गेला नव्हता. तंबूतला दिवा, पंखा, सगळंच त्या एका सॉकेटवर.

लोणारचं विवर अभयारण्यात येतं, तिथे तंबू ठोकता येत नाही. म्हणून मुक्काम मैत्रिणीच्या काकांच्या शेतात होता. सोयाबीन निघालेलं, तूर फुलावर, आणि बांधाला तारेचं कुंपण. कोपऱ्यात पत्र्याच्या पेटीत झटका मशीन टिकटिकत होतं. दिवसा सोलर प्लेटवर बॅटरी भरते आणि रात्रभर सेकंदाला एखादा झटका तारेत सोडला जातो. झटका क्षणभराचाच, रानडुक्कर आणि रोही दचकून मागे फिरावेत एवढा. कुंपणात थेट घरची लाइन सोडणारे महाभाग जनावरांसोबत माणसंही मारतात, तो प्रकार वेगळा.

माझ्या मुलाने चॉकलेटची चांदी आणली, फ्यूजला गुंडाळू म्हणून. गाडीवाल्यांचा हा जुना उपाय. काकांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली.

“फ्यूजले जयू द्या ताई. थो नाही जयला तं गाडी जयीन.”

मग त्यांनी खोपीतून पाठीवरचा फवारणी पंप आणला, तळाचं झाकण उघडलं आणि बॅटरी बाहेर काढली. १२ व्होल्ट, १२ अँपिअर-अवर. आमच्या दिव्यालाही १२ व्होल्टच लागत होते. शहरात ज्याला ‘कार कॅम्पिंग’ म्हणून भारी किमतीला विकतात, ते सामान इथे प्रत्येक जागलीच्या खोपीत आधीपासून आहे. फक्त त्याला कुणी रंगीत खोक्यात घातलेलं नाही. दिव्याची आणि पंख्याची वायर कापून लाल लालला, काळी काळीला जोडली. वर सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधली.

फ्रिजला मात्र हे चाललं नसतं. १२ गुणिले १२ म्हणजे १४४ वॉट-अवर. पन्नास वॉटचा फ्रिज सलग चालला तर तीन तासही काढणार नाही. पाच वॉटचा दिवा आणि छोटा पंखा रात्र सहज काढतात. दूध काकूंनी तापवून ठेवलं आणि पहाटे त्याचाच चहा झाला.

सकाळी लोणारच्या बाजारात सीट कव्हर, हॉर्न, काचेवर लटकवायचे देव सगळं मिळालं, पण बारा व्होल्टची पिन नाही. ती वस्तू कृषी केंद्रांच्या ओळीत, पंप दुरुस्तीवाल्याकडे निघाली. त्याच्या भिंतीवर पंपाचे स्विच, चार्जिंग सॉकेट, फ्यूज होल्डर माळेसारखे टांगलेले. त्याने पंपाची बारीक वायर बाजूला सारली. लांब, बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि बॅटरी भरलेली असूनही फ्रिज ‘लो’ दाखवून बंद होतो, हे त्याने फ्रिज न पाहताच सांगितलं. मग जाड वायर घेतली, दोन्ही टोकांना लग दाबले, प्लसच्या वायरीत बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवला. बॉनेटच्या पत्र्याची धार जिथे लागते तिथे पुन्हा तीच सायकलची ट्यूब. दुसऱ्या टोकाला पंपाचं सॉकेट.

एक अडचण राहिली: थेट बॅटरीवर जोडलेला फ्रिज गाडी बंद केली तरी ओढतच राहतो. त्यावर त्याने पंपाचाच एक स्विच मध्ये घातला आणि वर मार्करने ‘फवारा’ लिहिलं.

सिंदखेडराजात जिजाऊंचा राजवाडा पाहून गाडीशी आलो तेव्हा मुलगा ओरडला, “आई, फवारा चालूच राहिलाय!” फ्रिज गार होता आणि गाडी पहिल्या सेल्फला लागली. पुण्यातल्या दुकानदाराने नंतर ती जोडणी पाहिली आणि वॉरंटी संपल्याचं जाहीर केलं. मी त्याच्याकडून नवी पिन घेतली नाही.