माळढोकाच्या माळावर

डिसेंबरातल्या एका रविवारी फजरनंतर आम्ही सोलापुरातून निघालो. डब्यात ज्वारीच्या कडक भाकऱ्या, शेंगांची चटणी आणि अम्मींनी रात्रीच करून ठेवलेला खिमा. बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटर गेले की नान्नज येते. मुलांना माळढोक बघायचा होता. मामूजानना तो मुळीच बघायचा नव्हता. नान्नजजवळच्या वस्तीवर राहणाऱ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आमच्या खालाजानना भेटायचे, एवढ्यासाठी ते गाडीत बसले होते.

मामूजानचा राग जुना आहे. त्यांचे गाव करमाळा तालुक्यात, वडिलार्जित जमीन चार एकर. मुलीच्या निकाहसाठी एक एकर विकायला काढला, तेव्हा त्यांना कळले की आपली जमीन माळढोक अभयारण्यात आहे आणि व्यवहार होणार नाही. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात वर्षभर हेलपाटे घातले आणि शेवटी कर्ज काढून निकाह लावला. तेव्हापासून आमच्या घरात कोणतेही काम अडकले की ‘त्याचा माळढोक झाला’ असे म्हणतात. मुलांनी तो शब्द पक्षी म्हणून नंतर ऐकला, शिवी म्हणून आधी.

ही हकिकत एकट्या मामूजानची नाही. १९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर या दोन जिल्ह्यांतला तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर मुलूख माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर झाला. म्हणजे अदमासे चौदा मुंबया! त्यात जंगलखात्याची जमीन थोडी. बाकी गावे, बाजारपेठा, रस्ते, साखर कारखाने आणि लोकांची शेते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. अधिसूचना निघाली की त्या हद्दीत वारसाहक्काखेरीज जमिनीवर नवा हक्क मिळवता येत नाही, असे त्याचे २० वे कलम सांगते. पुढचेच कलम असेही सांगते की कलेक्टरने गावोगावी, लोकांच्या भाषेत जाहीरनामा काढावा आणि दोन महिन्यांत लोकांचे दावे मागवावेत. यातले पहिले कलम मामूजानना चांगलेच पाठ आहे. दुसरे असल्याचे आम्ही गाडीत सांगितले, तेव्हा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आमच्या गावात दवंडी फक्त उरुसाची ऐकली.”

नान्नजला वनखात्याच्या मजुराने आम्हाला मचाणाकडे नेले. जंगल म्हणून मनात जे चित्र असते त्यातले तिथे काहीच नाही. झाड शोधावे लागते. गुडघाभर वाळके गवत, मध्ये मुरमाड उघडी जमीन आणि वर केवढे तरी आभाळ. धाकटा म्हणाला, “इथे तर काहीच नाही!” सरकारी कागदांतही अशा माळाला वर्षानुवर्षे पडीकच म्हणत आले आहेत. पण थोडे थांबल्यावर तो माळ हलू लागला. काळविटांचा कळप, त्यात एक काळाभोर नर. भोवत्या नावाचे शिकारी पक्षी गवताला घासून उडत होते. हिवाळ्यात ते उत्तरेकडून इथे येतात. वाटेवर लांडग्याच्या पावलांचे ठसे होते.

माळढोक मात्र दिसला नाही. मजुराने आधीच बजावले होते, “चाचा, आता एखादाच दिसला तर दिसतो. महिनोन्महिने नाहीच.”

एके काळी हा पक्षी दख्खनच्या माळावर सर्रास होता. उंची मीटरभर, नराचे वजन पंधरा किलोपर्यंत. उडणाऱ्या पक्ष्यांत एवढे जड फार थोडे. बाबराने आपल्या आत्मचरित्रात त्याच्या मांसाची तारीफ केली आहे. तीच तारीफ पुढे बंदुकवाल्यांनी मनावर घेतली आणि पक्ष्याच्या जिवावर आली. डॉ. सलीम अलींनी माळढोकाला राष्ट्रीय पक्षी करावे म्हणून आग्रह धरला होता. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. आज साऱ्या जगात मोकळ्या रानातले माळढोक दीडशेही उरलेले नाहीत, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात आहेत. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. मेंढीचा पाय पडला, मोकाट कुत्र्याने हुंगले, की त्या वर्षाचा हिशेब संपला. शिवाय समोरचे नीट दिसत नाही, त्यामुळे विजेच्या तारांवर आपटून मरतात ते वेगळेच.

दुपारी खालाजानकडे जेवलो. जोहरनंतर अंगणात बसलो असता मुलांनी पक्षी न दिसल्याचे गाऱ्हाणे केले. तेव्हा खालाजान सहज म्हणाल्या, “मी लग्न होऊन आले तेव्हा ते मोठं पाखरू मागच्या रानात यायचं. मृग झाल्यावर. त्या टेकाडाच्या मावळतीला बसायचं, उगवतीला नाही. तिकडे पाणी साचतं.” हुलगा आणि भुईमूग पेरला की नाकतोडे टिपायला येत. पुढे आसपास द्राक्षबागा आल्या, तारा आणि खांब आले. सोनाका हे प्रसिद्ध वाण नान्नजचेच. बागांनी गावात पैसा आणला, हे खालाजान नाकारत नाहीत. “पण पाखराला उघडं रान लागतं. मांडवाखाली ते कसं उतरणार?”

आम्ही विचारले, हे कधी कुणाला सांगितले का?

“कुणी विचारलं?”

आमच्या मते सारी गोष्ट या दोन शब्दांत आहे. ज्यांना विचारायचे त्यांना न विचारता नकाशावर रेघ ओढली. त्यामुळे मामूजानसारखी साधी माणसे पक्ष्याची वैरी झाली आणि खालाजानसारख्यांना जे ठाऊक होते ते अंगणातच राहिले. पुढे हद्द कमी करावी लागली. तज्ज्ञांची समिती बसली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अभयारण्य सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आले, म्हणजे मूळच्या सातव्या हिश्श्यावर. मामूजानची जमीन सुटली. पक्षी तोवर जवळजवळ संपला होता. सगळा दोष हद्दीच्या रेघेचा, असे आम्ही म्हणणार नाही. पण विचारले असते तर निदान राखण करायला गावे बरोबर असती.

विचारण्याची सोय आता कायद्यात आहे. अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा साधारण दहा वर्षांचा असतो: चराई कुठे, किती आणि कधी बंद, गवत कधी कापायचे, कुत्र्यांचे काय. २०२२ च्या दुरुस्तीनुसार जिथे वनहक्क कायदा लागू आहे तिथे हा आराखडा ग्रामसभेशी सल्लामसलत करून करायचा आहे. सल्लागार समितीची तरतूद त्याआधीची. तीत पंचायतींचे तीन प्रतिनिधी असतात. अभयारण्याभोवतीच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा निघाला की हरकतीसाठी साठ दिवस मिळतात. मात्र तोंड आपल्यालाच उघडावे लागते. आपल्या घरांतून ग्रामसभेला किती जण जातात? पुरुष मागे उभे राहून सही करून परततात. महिलांची सभा आधी वेगळी भरते, हे खालाजानना माहीतच नव्हते.

मामूजान बराच वेळ गप्प होते. मग आमच्या नववीतल्या मुलीला म्हणाले, “वही काढ.”

खालाजान सांगत गेल्या, ती लिहीत गेली. मृगापासून दिवाळीपर्यंत टेकाडाच्या मावळतीला मेंढरे नकोत, पण मग धनगरांना उगवतीचे रान मोकळे ठेवा. ते कुठे जातील? कुत्री आवरा. काळवीट ज्वारी खातात, त्याचा पंचनामा लवकर करा. मामूजाननी चौथे कलम घातले: हद्द ठरवाल तेव्हा गट नंबर चावडीवर मोठ्याने वाचून दाखवा.

“मला तिथे बोलता येईल का?” खालाजाननी विचारले.

“आपा, वाचता तर येतं,” मामूजान म्हणाले.

ग्रामसभा २६ जानेवारीला, महिलांची त्याआधी. खालाजाननी कागदाची घडी केली आणि रेशनकार्डाच्या डब्यात ठेवली. असरच्या सुमारास आम्ही निघालो.