आपल्या सीडी यात चालतील का?

व्हिडिओ गेमचे मशीन घ्यायला आलेला ग्राहक आधी खेळांची चौकशी करील, असे कोणालाही वाटेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानाच्या काउंटरवर मी चौदा वर्षे उभा होतो. माझा अनुभव वेगळा आहे. खेळांची चौकशी मुलगा करतो. पैसे बापाच्या खिशात असतात. आणि बापाच्या मागे उभी असलेली आई एकच प्रश्न विचारते, "यात पिक्चर लागतो का?" त्या प्रश्नाच्या उत्तरावर कित्येक सौदे झाले आणि कित्येक मोडले.

वाचकहो, हा प्रश्न फक्त आपल्या चाळीतल्या माणसाचा नाही. ४ मार्च २००० रोजी जपानमध्ये सोनी कंपनीचे प्लेस्टेशन २ विक्रीस आले. किंमत ३९,८०० येन. सुरुवातीला त्यासाठी खेळ मोजकेच होते. पण त्यात डीव्हीडी चालत होती, आणि त्या काळी डीव्हीडी प्लेअर ही काही स्वस्त वस्तू नव्हती. एका खर्चात दोन कामे होत असतील तर घरच्यांपुढे तोंड उघडायला पोराला बळ येते! अनेक घरांत पहिला डीव्हीडी प्लेअर म्हणून शिरले ते हेच खेळाचे मशीन.

सेगा कंपनीचे ड्रीमकास्ट त्याच्या आधीपासून बाजारात होते. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २६ ऑक्टोबर २००० रोजी २९९ डॉलरला आले, तेव्हा ड्रीमकास्ट तिथे निम्म्या किमतीत मिळत होते. खेळही चांगले होते. पण त्याची डिस्क निराळ्या जातीची, सुमारे एक जीबीची. डीव्हीडी त्यात चालत नसे. जानेवारी २००१ अखेर सेगाने ते बनवणे थांबवीत असल्याचे जाहीर केले. कारणे अनेक होती, कंपनी आधीच तोट्यात होती, खेळांच्या चोरट्या नकला निघत होत्या. तरीही स्वस्त मशीन सोडून लोक महागाची वाट पाहत बसले, यात डीव्हीडीचा वाटा मोठा होता असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे निन्टेंडोच्या गेमक्यूबनेही छोट्या डिस्का वापरल्या आणि सिनेमाला दार बंद ठेवले. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सवर सिनेमा लागे, पण त्यासाठी रिमोटचा संच वेगळे पैसे मोजून घ्यावा लागे. गेमक्यूब दोन कोटींच्या थोडे वर खपला. प्लेस्टेशन २ पंधरा कोटींच्या पुढे गेले.

आता आपल्याकडचे सांगतो. २००४ सालची दिवाळी. माझा भाचा बारा वर्षांचा होता आणि प्लेस्टेशन २ शिवाय त्याला दुसरे काही सुचत नव्हते. दाजी अंबरनाथला कारखान्यात. बोनस झाला होता, त्यात थोडी उसनवारी केली तर जमण्यासारखे होते. ताई, दाजी आणि भाचा तिघेही दुकानात आले. ताईच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. तिने पिशवीतून सीडी काढून काउंटरवर मांडल्या. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून आणलेल्या भीमगीतांच्या दोन, हिंदी पिक्चरच्या तीन-चार, आणि एक साध्या पांढऱ्या कागदात गुंडाळलेली. ती नणंदेच्या लग्नाची. लग्न २००१ मधले. ताईचे सासरे २००३ मध्ये गेले. चालते-बोलते सासरे त्या एकाच सीडीत होते. मांडवाच्या दाराशी उभे राहून ते पाहुण्यांना "जेवून जा बरं का" म्हणतात, एवढेच. ताईची सासू ते पुन्हा पुन्हा लावायला सांगे, त्यासाठी शेजाऱ्यांच्या घरी जावे लागे.

"दादा, आपल्या सीडी यात चालतील का?" ताईने विचारले.

त्या सगळ्या व्हीसीडी होत्या. आपल्या वस्तीत तेव्हा डीव्हीडी कोणाकडे होती? व्हीसीडी म्हणजे साध्या सीडीवर बसवलेला सिनेमा. एका डिस्कवर जेमतेम सव्वा तास मावे, म्हणून हिंदी पिक्चरला दोन किंवा तीन लागत. प्लेस्टेशन २ डीव्हीडी वाचते, गाण्याची सीडी वाचते, व्हीसीडी मात्र वाचत नाही. गंमत अशी की याच कंपनीने पहिल्या प्लेस्टेशनचे व्हीसीडी चालवणारे पांढरे मॉडेल पूर्व आशियात काढले होते, कारण तिथल्या घराघरांत व्हीसीडी होती. घराघरांत ती आपल्याकडेही होती, पण नव्या मशीनचा हिशेब करताना ते कोणी धरले नाही.

मी ताईला खरे ते सांगितले. दाजींनी जॉयस्टिकवाला डीव्हीडी प्लेअर उचलला. वाचकांना तो आठवत असेल. सोबत दोन जॉयस्टिक आणि 'तीनशे खेळांची' सीडी, त्यात मोजून वीस-पंचवीस खेळ, तेच पुन्हा पुन्हा. त्यात डीव्हीडी, व्हीसीडी, एमपीथ्री सगळे चाले. प्लेस्टेशनच्या पैशांत असे तीन-चार आले असते. भाचा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचे रडणे खोटे नव्हते. वर्गातल्या मुलांना तो आधीच सांगून बसला होता. पण त्या रात्री म्हातारीने आपल्याच घरात, आपल्याच टीव्हीवर नवऱ्याला पाहिले.

पुढे हीच गोष्ट ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडीच्या भांडणात दिसली. पूर्वी व्हिडिओ कॅसेटच्या लढाईत व्हीएचएसपुढे सोनीचा बीटामॅक्स हरला होता, ती आठवण कंपनीला असणारच. २००६ मध्ये तिने प्लेस्टेशन ३ मध्ये ब्लू-रे घातला. मशीन महाग झाले, अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलर. पण सुटा ब्लू-रे प्लेअर तेव्हा हजार डॉलरच्या घरात होता, त्यामुळे सिनेमाच्या शौकिनांनी ते खेळासाठी नव्हे, ब्लू-रेसाठीही घेतले. एक्सबॉक्स ३६० ला एचडी डीव्हीडीचा डबा १९९ डॉलर वेगळे देऊन जोडावा लागे. १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने एचडी डीव्हीडीतून अंग काढून घेतले.

फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात आले, तेव्हा डिस्कवाले ४९,९९० रुपये आणि बिनडिस्कचे ३९,९९०. भाचा आता कमावता आहे. त्याने दहा हजार जास्त देऊन डिस्कवाले घेतले. सिनेमा तो मोबाईलवर पाहतो, पण खेळाची डिस्क खेळून झाली की विकता येते, मित्राला देता येते. बिनडिस्कच्या मशीनवर घेतलेला खेळ कोणाला देता येत नाही. हा हिशेब मला पटला. या मशीनवरही व्हीसीडी चालत नाहीच, साधी गाण्याची सीडीसुद्धा नाही.

लग्नाच्या सीडीवर ओरखडे पडू लागले होते. भाच्याने ती जुन्या कॉम्प्युटरमध्ये घालून त्यातली फाईल पेनड्राईव्हवर उतरवली आणि टीव्हीच्या मागे लावून ठेवली. मांडवात सासरे बोलतात तिथे चित्र थोडे अडखळते, आवाज मात्र नीट येतो.