खेळांतलीं चित्रें

गेल्या दिवाळींत आमचा पुतण्या पुण्याहून नांदेडास आला, तो 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकन खेळाचीं दोन-तीन सचित्र पुस्तकें घेऊन. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या जोडीचा हा खेळ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. एकानें सूत्रधार होऊन गुहा, अरण्यें, शत्रु यांचें वर्णन करावयाचें. इतरांनीं मनानें योद्ध्याचें किंवा मांत्रिकाचें सोंग घेऊन आपण काय करणार तें सांगावयाचें. आणि यशापयश फांशांवर सोडावयाचें, असा याचा थाट. जो खेळ सर्वस्वीं तोंडीं चालावयाचा, त्याला चित्रें कशाला? ही नुसती दुकानदारी, असें आम्हीं त्याला रोखठोक सुनावलें.

पुतण्यानें वाद घातला नाहीं. १९७७ सालच्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मधलें एक चित्र त्यानें आमच्यापुढें धरलें. डेव्हिड ट्रॅम्पियर या चित्रकारानें त्यांत आपला राक्षस काढला आहे : तोंड वाघाचें, अंगांत साहेबी झगा आणि ओढावयास चिलमीसारखी नळी! भाऊबीजेसाठीं लातूरहून आलेल्या आत्याबाईंनीं चष्मा लावून तो न्याहाळला. "हा कसला रे राक्षस? हा तर पेन्शनीत निघालेला मामलेदार!" घरांत हंशा पिकला. तो ओसरल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या गंजिफेंतले राजे असे नव्हते."

आम्ही चपापलों. त्यांचें सासर किल्लारीजवळचें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंतचतुर्दशीचें विसर्जन आटोपून गांव निजला असतां भूकंप झाला आणि दगडमातीचीं घरें माणसांवर कोसळलीं. त्या घराविषयीं आत्याबाई कधींच बोलत नसत. आज त्यांनीं ट्रंकेंतून एक लांकडी पेटी काढली. त्या जातील तेथें ती नेत असत, हें आम्हांस ठाऊकच नव्हतें.

पेटींत दशावतारी गंजिफा होती. तिचीं पानें १२०. दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगांत राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्श्यापर्यंत दहा पानें. सावंतवाडीचे चितारी अशीं वाटोळीं पानें करीत. कापड चिंचोक्याच्या खळीनें चिकटवून घट्ट करावयाचें, वर रंग आणि लाख. १९७१ च्या सुमारास शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनीं त्या कलेस तेथें पुनः ऊर्जितावस्था आणली. या पानांवर अक्षर नसतें. समईच्या उजेडांत मासा, कासव, परशु पाहतांच ओळखूं आला पाहिजे. चित्र हेंच पानाचें नांव.

ढिगाऱ्यांतून ११५ पानें निघालीं होतीं. ज्यांच्याबरोबर आत्याबाई खेळत, त्या जाऊबाई मात्र जिवंत निघाल्या नाहींत.

"आजी, तुम्ही सांगा, मी काढतों," पुतण्या म्हणाला. गेलेल्या पांचांत कूर्माचा राजा होता. आत्याबाई सांगूं लागल्या : अर्धा देव, अर्धें कासव, डोळे असे, कीं आपल्या हातांतलीं पानें त्याला दिसताहेत. डोळ्यांवरून गोष्ट समईवर गेली, समईवरून जाऊबाईंवर. चांगलीं पानें आलीं कीं त्या पदरांत हंसूं लपवीत! पुतण्यानें तीनदां चित्र पुसलें, तीनदां काढलें. तीस वर्षांत जें आम्हीं विचारूं धजलों नाहीं, तें त्या पुसट रेघांनीं बोलविलें. आतां सूत्रधार आत्याबाई होत्या, आणि आमच्या प्रश्नाचें उत्तर आमच्यासमोर पाटावर वाळत होतें. वर्णन ऐकतांना जो तो आपापलें चित्र पाहतो. कागदावर तें उतरलें म्हणजे चारचौघांना एकत्र बसावयास जागा होते, आणि "असें नव्हतें" म्हणावयाचीहि सोय होते.

भाऊबीजेच्या संध्याकाळपर्यंत पांचहि पानें झालीं. आत्याबाईंनीं कूर्मराजा बराच वेळ निरखला. "तसा नाहीं," त्या म्हणाल्या, "पण खेळांत चालेल."

तिसरा हात आम्हीं घेतला. रामाचा राजा आला म्हणून पुतण्या उतारी करूं लागला, तों आत्याबाईंनीं त्याचा हात धरला. दिवसां उतारी रामाची, रात्रीं कृष्णाची.

"दिवा लागला ना बाळ?"